एगॉनचा हात

“कुणाचा विश्वास बसणार नाही,” वाल्बुर्गा म्हणाली, “पण माझ्या एगॉननं एकदा शिंकता शिंकता कागदाचा घोडा कापला होता. चारी पाय उधळलेले, आयाळीचा केसन्‌केस सुटा.”

“मागच्या आठवड्यात सांगितलंस तेव्हा त्याला ताप होता,” त्सिली म्हणाली. “घोडा मात्र हाच.”

पॉट्सडॅमच्या त्या वृद्धाश्रमात गुरुवारी तीन वाजता आलुबुखाराचा केक मिळे. दोघी सहा वर्षं एकाच टेबलाशी बसत होत्या, त्यामुळे वाल्बुर्गाचा नवरा त्सिलीला तोंडपाठ होता. आज मात्र नवा श्रोता होता. चित्रपट संग्रहालयातली मेश्टहिल्ड कागद, पेन आणि एक चपटा डबा घेऊन आली होती.

काळ्या कागदाच्या बाहुल्यांचा एक जुना मूकपट तिला तळघरात सापडला होता. एकोणीसशे तेवीस सालचा, अशा तऱ्हेच्या पहिल्या काहींपैकी एक. नावांची पट्टी तेवढी सडून गेली होती. चित्रपट कंपनीच्या करारांवर एगॉन रौशनिंगची सही होती, फोटो कुठेच नव्हता. रविवारी चित्रपट पुन्हा दाखवायचा होता आणि त्याच्या जुन्या घरावर पितळी पाटी लागायची होती. पाटीवर कुणाचं नाव घालायचं, त्यासाठी वाल्बुर्गाची लेखी साक्ष हवी होती.

“एकदा कोरलं की बदलता येणार नाही,” मेश्टहिल्ड म्हणाली. “म्हणून नीट विचारते. सगळं त्यांनी एकट्यानंच केलं?”

“एकट्यानं. माळ्यावर, गुडघ्यांवर बसून, तीन वर्षं. खाली दिवा, वर काच, काचेवर बाहुल्या, आणि वरून खाली पाहणारा कॅमेरा. बाहुली केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर. सेकंदाला वीसेक चित्रं. बगळा उडायला त्याला अकरा दिवस लागले, पण उडाला तेव्हा बघणाऱ्यांनी टोप्या धरल्या.”

“वाऱ्यानं?” त्सिलीनं विचारलं.

“पंखांच्या वाऱ्यानं.”

मेश्टहिल्डला हसू आवरेना. “कंपनीत त्यांना कुणी पाहिल्याचं सापडत नाही.”

“लाजाळू होता फार. तिथं मीच जायचे. त्याचे कागद न्यायचे, त्याचं कौतुक ऐकायचे, त्याची सही आणून द्यायचे. मोठा साहेब म्हणाला होता, बाई, तुमच्या नवऱ्यासारखी कात्री जर्मनीत दुसरी नाही. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे.”

“आणि तू काय करायचीस गं?” त्सिली म्हणाली. “सहा वर्षं विचारते आहे.”

“मी कॉफी करायचे.”

“बस्स?”

“चांगली करायचे. काचेला हात लावायची माझी टाप नव्हती.”

त्सिलीला याचाच राग यायचा. हिचा नवरा असा, हिचा नवरा तसा. ऐकणाऱ्याला वाटावं की आपले नवरे नुसते जेवायलाच जन्माला आले होते.

मेश्टहिल्डनं कागद पुढे सरकवला. वाल्बुर्गानं पेन उचललं, टोक कागदाला टेकवलं आणि तशीच थांबली.

“नाव मोठ्या अक्षरांत येईल ना?”

“सगळ्यात मोठ्या.”

“बरं झालं,” ती म्हणाली. पण पेन हलेना.

“सही व्हायच्या आधी एक गंमत दाखवते.” मेश्टहिल्डनं डब्यातून फिल्मचा तुकडा काढून खिडकीच्या उजेडात धरला. “बाहुली सरकवून हात मागे घ्यायच्या आतच चित्र घेतलं गेलंय. बगळ्याच्या चोचीपाशी पाहा, अख्ख्या पंजाची सावली. अशा चुका पुष्कळ झाल्या असतील.”

“एकदाच,” वाल्बुर्गा ताडकन म्हणाली. “तीन वर्षांत एकदाच.”

“म्हणजे एगॉन यांचं आपल्याकडे एवढंच चित्र. नावाखाली हाच हात कोरू या.”

वाल्बुर्गानं मान डोलावली. पेन खाली ठेवलं, काटा घेतला आणि समोर येईल त्या बशीतला केक खायला लागली.

“बघू,” म्हणत त्सिलीनं तुकडा ओढून घेतला. दुसऱ्यांचे हात पाहण्यात तिचा जन्म गेला होता. लग्नाच्या आधीपासून म्हातारपणापर्यंत ती हातमोज्यांच्या दुकानात उभी होती, आणि गिऱ्हाइकानं मूठ टेबलावर ठेवली की टेप न लावता माप सांगायची. तिनं चष्मा पुसला. सावलीतला अंगठा पाहिला, मग करंगळी. टेबलापलीकडे एकदा पाहिलं, पुन्हा फिल्मकडे पाहिलं.

“सहा नंबर,” ती म्हणाली. “बायकांच्या खणातला.”

काटा थांबला.

“पोरी, तो कागद फाड आणि दुसरा घे,” त्सिली म्हणाली. “ही धादांत खोटं बोलते आहे. हिचा एगॉन मेलेला नाही. तो समोर बसून माझ्या वाटणीचा केक खातोय.”