खांबावरच्या बारा पायऱ्या

चढताना एकेक सुटी पायरी खांबात अडकवायची आणि उतरताना काढून पिशवीत टाकायची, ही वायरमनची पद्धत होती.

"दाजी, बाराच आहेत. मोजून काढा हं," खालून मेव्हणा म्हणाला.

"जमिनीवर उभं राहून तुझे पाय लटपटतात, आणि मला शिकवतोस?" वायरमन वरून खेकसला.

तारा जोडून तो उतरू लागला. अकरा पायऱ्या पिशवीत गेल्या. बारावीवरून त्याने जमिनीकडे पाय सोडला, तो आणखी एका पायरीवर टेकला.

"भित्र्या, माझी चेष्टा करतोस?"

त्याने बारावीही उपटली. खाली पुन्हा पायरीच लागली. वर चढायला आता एकही उरली नव्हती.

"दाजी, उतरा ना!"

मेव्हण्याची हाक मघापेक्षा कितीतरी खोलातून आली.