दोन मिनिटांची प्रेमकथा

सिनेमा रडका असो की रटाळ, ट्रेलरपुरती त्याची प्रेमकथा करून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नायक मान वर करतो, लगेच नायिकेचे केस उडतात, मागे व्हायोलिन. मूळ सिनेमात तो बिचारा बस आली का ते बघत असला, तरी प्रेक्षकाला कुठे कळतंय!

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा नवरा म्हणाला, "जगाचे ट्रेलर करतेस, आता आपलाही एक होऊन जाऊ दे. पाहुण्यांना दाखवू."

घरचं सगळं जुनं चित्रण तिने आठवडाभर डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तिला एकच तुकडा हवा होता, आपल्याकडे बघून मनापासून हसणारा नवरा. वाढदिवसाला तो केककडे बघत होता, सहलीत नकाशाकडे आणि उरलेली सगळी वर्षं फोनकडे. शेवटी लेकीने दारातून टिपलेला एक सापडला, चार सेकंदांचा. तो तिने संथ केला, त्याला आपले उडते केस जोडले आणि व्हायोलिन सोडलं.

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नणंद डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, दादाची नजर बघ गं! कसा जीव ओवाळून टाकतोय!"

नवराही विरघळला. "मी असा हसतो? कधीचं गं हे?"

 

"मी महिनाभर माहेरी निघाले होते ना, तेव्हाचं. टॅक्सी तेवढी कापली."