ड्रॉवरमधलं यंत्र

घरच्या माणसाची स्लाइड आपण तपासायची नाही, हा नियम लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंनीच घालून दिलेला. आता तोच त्यांच्या अंगाशी आला होता. धाकट्या भावाच्या गाठीची स्लाइड, नाव झाकून, समोरच्या टेबलावर सहकाऱ्यापुढे होती आणि तो बिचारा शीळ घालत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसला होता.

त्याच्या ड्रॉवरमध्ये बटण दाबून आकडा वाढवायचं एक छोटं यंत्र असायचं. गाठ साधी निघाली तर त्याला तो हातही लावत नसे. कॅन्सर निघाला, की तो किती जहाल आहे हे ठरवायला एकीच्या दोन होणाऱ्या पेशी मोजाव्या लागत. दर पेशीमागे एक टक्.

तेवढ्यात भावाचाच फोन आला. "ताई, वशिला लाव की जरा! तिकडे आईने देव पाण्यात घातलेत, आणि तू आपली ढिम्म!"

"अरे, येईल तुझाही नंबर. दम धर की," त्या हसून म्हणाल्या.

समोरची शीळ थांबली. सहकाऱ्याने डोळे न हलवता ड्रॉवर चाचपला.

टक्. टक्. टक्-टक्-टक्.

फोन ठेवावा तर भावाला शंका येणार, धरून ठेवावा तर…

"ताई, मागे कसला गं आवाज?"

"काही नाही रे. भिंतीवरचं घड्याळ."



"मग इतकं घाईत का चाललंय ते?"