जामीनदार

“आरोपी तुमचा कोण लागतो?” न्यायाधीशांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

“कोणीच नाय, साहेब. माझं पोरगं ह्याच्याच गाडीखाली गेलं.”

टाइप करणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली. न्यायाधीशांनी आता समोर पाहिलं. मल्हारराव फेटा नीट बांधून, सातबाऱ्याची पिशवी छातीशी धरून उभे होते.

“कोणी दबाव आणलाय तुमच्यावर?”

“नाय.”

“मग जामीन कशासाठी राहताय?”

“त्यो भाईर यायला पाहिजे. एक गोष्ट इचारायची हाय त्याला.”

“साक्षीदारांना भेटायचं नाही, अशी अट आहे त्याला.”

“मी साक्षीदार नाय, साहेब. मी तिथं नव्हतोच. तोच तर वांधा हाय.”

नुसतं दारू पिऊन गाडी चालवली, एवढाच गुन्हा असता तर आरोपी कृष्णा पोलीस ठाण्यातूनच जामिनावर घरी गेला असता. पण पडेगावच्या रस्त्यावर भरदुपारी मल्हाररावांचा शिवशंकर मेला आणि कलम वाढलं. पुढे कोर्टानं जामीन मंजूर केला, तरी कृष्णा हर्सूलच्या जेलातच राहिला. जामीन मंजूर होणं आणि माणूस सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये एक जामीनदार लागतो, नावावर जमीन असलेला. कृष्णाचा सख्खा भाऊ सुदर्शन कोर्टाच्या फाटकापर्यंत आला आणि तिथूनच मोटरसायकल वळवून परत गेला. भावकीतलं दुसरं कोणी तेवढंही आलं नाही.

अपघात झाला तेव्हा पहिला धावला तो समोरचा पंक्चरवाला पुंजाराम. त्यानं मल्हाररावांना सांगितलं होतं की शिवशंकरचं डोकं त्या दारुड्याच्या मांडीवर होतं. पोरगं काहीतरी सांगत होतं आणि हा मान हलवत होता. पुंजाराम रस्ता ओलांडून पोचेपर्यंत सांगणं संपलं होतं.

त्या दिवसापासून शिवशंकरची आई बानाबाई नवऱ्याला एकच म्हणायची. “मान हलवली म्हंजे त्यानं ऐकलं. ऐकलं म्हंजे ते त्याच्यापाशी हाय. ते माझं हाय, घिऊन या.”

मल्हारराव आधी जेलच्या भेटीच्या खिडकीवर गेले होते. तिथं नातेवाइकांना भेटता येतं, नाहीतर वकिलाला. नातं काय, असं शिपायानं विचारलं. मल्हारराव तसेच परत आले. गावात ही जामिनाची गोष्ट कळली तेव्हा पारावरून कोणीतरी म्हणालं, “आता जावईच करून घ्या त्याला.” मल्हाररावांनी मेंढरं पुढं हाकली.

कृष्णाची वकील मंजुषा. सरकारनं फुकट नेमून दिलेली. तिनं त्यांना कोर्टाच्या जिन्यात थांबवलं होतं.

“काका, तो तारखेला आला नाही तर वसुली तुमच्या जमिनीवरून होईल.”

“होऊ द्या.”

“आणि त्या दिवसाबद्दल कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, असं मीच बजावलंय त्याला.”

“मी बी कोणाला सांगणार नाय, पोरी. फक्त शिवाच्या आईला सांगीन.”

मंजुषानं फाईल मिटली आणि ती पुढं चालू लागली.

न्यायाधीशांनी सही केली. सुटकेचा आदेश जेलच्या दारातल्या पेटीत पडावा लागतो. ती ठरल्या वेळी उघडते, आणि त्यानंतर आलेला कागद दुसऱ्या दिवसाचा. कृष्णाचा कागद पोचला तेव्हा पेटी उघडून झाली होती. मल्हारराव घरी गेले नाहीत. भिंतीबाहेरच्या लिंबाखाली घोंगडी टाकून ते पडून राहिले आणि कसं विचारायचं ते मनात जुळवत राहिले. बानाबाईनं फोनवर बजावलं, “अगुदर चहापाणी पाजा. आतून भेदरून आला असंल. मंग इचारा.”

सकाळी मोठ्या दरवाजातलं छोटं दार उघडलं. दाढी वाढलेला, खांदे पडलेला कृष्णा बाहेर आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. घरचं कोणी नव्हतं. जामीन कोण राहिलं ते मंजुषानं त्याला सांगितलं होतं; मल्हारराव पुढं झाले तसा तो त्यांच्या पायांवर कोसळला. मल्हाररावांनी त्याला दंडाला धरून उठवलं, टपरीवर नेलं, चहा सांगितला. कृष्णानं पेला दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.

“पी,” मल्हारराव म्हणाले. “मला तुझ्यावर राग काढायचा नाय. मला येवढंच सांग, तुझ्या मांडीवर व्हता तव्हा माझा शिवा काय म्हणला?”

कृष्णानं मान वर केली.

“माझ्या मांडीवर?”

“तुला सांगत व्हता त्यो. तू मान हलवत व्हता. पुंजारामनं पाहिलंय.”

चहावर साय धरली.

“मामा, ठाण्यात जाग आली तव्हा माझ्या शर्टावर रगत होतं. माझं का दुसऱ्याचं, ते बी कळंना. वकीलबाई म्हणतात बोलू नको. भाऊ तर आलाच नाय. कागदात गाडीचं लिवलंय, वळणाचं लिवलंय, मांडीवरल्या पोराचं काहीच नाय.” त्यानं पेला खाली ठेवला. “त्या दुपारचं मला कायसुदीक आठवत नाय. मला वाटलं, तव्हा काय झालं ते मला सांगायलाच तुमी भाईर काढलं.”