तिसरी हाक

शेजारच्या खोलीत हुकमावरच्या शिक्क्यासाठी शिसं वितळवायची भट्टी पेटली होती. पोप दोनातो डोळे मिटून पडले होते. भात्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता.

"दुपारच्या आत हुकमावर शिक्का उमटला पाहिजे," त्यांचा पुतण्या आणि सेनापती तांक्रेदी कुणाला तरी दटावत होता. "माझे भाडोत्री शिपाई नोर्चेलाच्या वेशीवर उभे आहेत. शिक्का बघितल्याशिवाय ते मशाल पेटवायचे नाहीत."

टेकडीपलीकडच्या नोर्चेला गावाने बंडखोरांना भाकरी दिली होती, एवढंच. काल तांक्रेदीने काकांचा तापाने लुळा पडलेला हात आपल्या मुठीत धरला आणि गाव जाळायच्या हुकमावर सही उमटवली. दोनातो 'नको' म्हणाले होते. मोठ्याने म्हणाले होते. "तापात बरळतायत," असं तांक्रेदीने सगळ्यांना सांगितलं. दारावरचे पहारेकरी त्याचेच होते.

पण पोप मेला, की त्याच्या नावाचा पोलादी ठसा तिथल्या तिथे फोडतात. मेलेल्याच्या नावाने कुणी हुकूम काढू नये म्हणून.

दोनातोंनी एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही.

"काका?" तांक्रेदी जवळ आला. "वैद्यबुवा! इकडे या!"

वैद्य उगोलीनोची बोटं मनगटावर आली. त्या बोटांखाली नाडी उड्या मारत होती. श्वास आवरता येतो, नाडी आवरता येत नाही. या माणसाला दोनातोंनी काहीच सांगितलं नव्हतं. तेवढा एकांत मिळालाच कुठे होता? बोटं जरा घट्ट झाली. मग तशीच थांबली.

"गेले," उगोलीनो म्हणाला.

"असे कसे गेले? सकाळी सूप प्यायले ना!"

"सूप पिऊनही माणसं मरतात, सेनापती."

"पीस धरा नाकाशी. मला बघायचंय."

पेटीचं झाकण वाजलं. पीस ओठाला टेकलं. ते ओलं होतं. ओलं पीस सहसा हलत नाही.

तांक्रेदीच्या तोंडाचा कांद्याचा वास चेहऱ्यावर आला, रेंगाळला आणि मागे सरला.

"मग शिक्का आत्ताच मारून घ्या. हाका मारायच्या आधी. शिसं तयारच आहे."

"भट्टीला कुणी हात लावायचा नाही." हा आवाज कार्डिनल रानुच्चोचा. पोपच्या मृत्यूनंतरचा कारभार त्याच्याकडे असे. "आधी हाका, मग ठसा फोडायचा. मधे काही नाही."

"क्षणाचं तर काम आहे, कार्डिनलमहाराज."

"तुझ्या क्षणासाठी मी रीत मोडू? हो बाजूला."

तोवर नोकर आत घुसले होते. पोप गेला की त्याची खोली नोकरांची. हीही रीतच होती. दोनातोंच्या डोक्याखालची उशी गेली, अंगावरचं पांघरूण गेलं.

"मोजे ओढ. डावा अडकलाय बघ."

"पाय सुजलेत रे बिचाऱ्याचे."

"बिचारा म्हणतोस आणि मोजे ओढतोस!" मग तोच आवाज दबला. "अरे, अजून ऊब आहे."

गडबडीत चोरून घेतलेला श्वास दोनातोंच्या छातीत कोंडला.

"आत्ताच तर गेले," उगोलीनो म्हणाला. "विझवलेली चूल लगेच गार पडते का? चल, निघ."

रानुच्चो पलंगाशी आला. जन्माच्या नावाने तीन हाका मारायच्या. ओ आली तर पोप, नाही आली तर प्रेत.

"ओद्दो," त्याने खणखणीत आवाजात हाक मारली.

ते नाव दोनातोंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मठाच्या शाळेत दोघं एकाच बाकावर बसत. तेव्हा रानुच्चो याच नावाने कुजबुजून उत्तरं विचारायचा.

"ओद्दो."

भात्याचा आवाज थांबला होता. तांक्रेदीची टाच फरशीवर वाजत होती.

तिसरी हाक येईना. कुणीतरी खाकरलं. मग अगदी कानाशी, रीतीत न बसणाऱ्या आवाजात रानुच्चो म्हणाला, "ओद्दो... ओ दे ना रे."

जीभ हललीच. दोनातोंनी ती दाताखाली धरली. तोंडात खारट चव आली, आणि मिटलेल्या पापण्यांच्या कडा भरून येऊ लागल्या. तेवढ्यात उगोलीनोने त्यांच्या तोंडावर कापड टाकलं.

"पोप गेले," रानुच्चो म्हणाला. "हातोडा आणा."

पहिल्या घावाला नुसतं खण्ण झालं. दुसऱ्याला ठसा दुभंगला.

तांक्रेदीने एक शिवी हासडली. काका गेले म्हणजे सेनापतीपणही गेलं, पण खजिन्याच्या किल्ल्या अजून त्याच्या कमरेला होत्या. त्याच्या टाचा जिन्यावरून धाडधाड खाली, खजिन्याच्या दिशेने गेल्या. पहारेकरी त्याच्यामागे पळाले, नोकर मेणबत्त्यांची शमादानं उचलून पांगले. वर मनोऱ्यात मृत्यूची घंटा वाजू लागली.

खोलीत हुंदक्यांचा आवाज होता. रानुच्चो जमिनीवर बसला असावा.

"रानुच्चो," कापडाखालून दोनातो म्हणाले, "पांघरूण कुणी नेलं रे? थंडी वाजतेय."

हुंदका अर्ध्यातच तुटला.

"गाढवा," कार्डिनल म्हणाला. मग धडपडत उठला. "गाढवा! गळा फाटेपर्यंत ओरडलो मी! थांब, आधी ती घंटा बंद करायला सांगतो."

"नको." दोनातोंनी चालत्या हाताने कापड बाजूला केलं. "वैद्यबुवा, वारा कुठं वाहतोय?"

उगोलीनोने बोट जिभेला लावलं आणि खिडकीबाहेर धरलं.

"नोर्चेलाकडे."

"मग वाजू दे," दोनातो म्हणाले. "मेलेला पगार देत नाही, हे शिपायांना कळतं."