घागरीला फेटा

पालथ्या घागरीला फेटा बांधायचं काम सौरव मन लावून करत होता. बांधायचा, मागं सरून बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा सोडायचा. पाणी शेंदायचा दोर घागरीच्या गळ्यातून काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. दोराचा जाड पेड तसाच पाठीमागं लोंबत होता. नीलम दारातून हे बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. फेटा आप्पांचा होता.

आप्पा गेले तेव्हा नीलम दहा वर्षांची होती आणि सौरव तिच्याहून लहान. आई पहाटेच भाजीची बुट्टी घेऊन बेळगावच्या मार्केटला जायची. मागं राहिलेल्या दोघांनी वाढता वाढता घर आपसांत वाटून घेतलं, तेही न ठरवता. नीलमला चुलीपुढं बसवत नव्हतं आणि ट्रॅक्टरच्या नुसत्या आवाजानं सौरवला धडकी भरायची. तेव्हा शेत तिच्याकडं आलं आणि भाकरी त्याच्याकडं. तिचे हात कायम ऑइलनं माखलेले, म्हणून कॉलेजला जाताना तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. गावातल्या पोरांनी त्याला बाईमाणूस म्हणून चिडवून बघितलं. "आधी जेवायला या, मग बोला," असं तो म्हणाला, आणि त्यातले दोघे खरोखरच जेवून गेले. पुन्हा काही बोलले नाहीत.

सगळं झकास चाललं होतं. मग लक्ष्मीची यात्रा आली.

ही यात्रा काही दरसाल भरत नाही. कितीतरी वर्षांनी एकदा भरते आणि मग अख्ख्या गावाला दुसरं काही सुचत नाही. रथाच्या दोराला घरटी एक कर्ता लागतो, डोक्याला फेटा बांधलेला. मागच्या यात्रेला आप्पा नुकतेच गेले होते. त्या वेळी पंचांनी त्यांच्या घराचं नावच पुकारलं नव्हतं. आईच्या पदराला धरून नीलम शेवटपर्यंत वाट बघत उभी राहिली होती. ते तिला अजून सलायचं.

पंचांत मोठे म्हणजे महादेवकाका, आप्पांचे थोरले भाऊ. ते आदल्याच आठवड्यात येऊन सांगून गेले होते.

"जया, सौरवला मिसरूड फुटलंय. यंदा त्याला फेटा बांधून पाठव. घराला कर्ता आला आता. पोरीनं ट्रॅक्टरवरनं उतरावं, चूल बघावी. यात्रा झाली की तिचं बी बघूया कुठंतरी."

आई 'बरं' म्हणाली. थोरल्या दिरापुढं ती दुसरं काय म्हणणार.

एका फेट्यापायी शेत जाणार होतं, ट्रॅक्टर जाणार होता आणि मागोमाग तीही जाणार होती. काकांचा तिला फारसा राग आला नाही. ते होतेच तसे. पण सौरवनं नको म्हणायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, हा ट्रंकेतला फेटा काढून तालीम करत बसला होता.

जेवताना ती म्हणाली, "मला भाकरी थापायला शिकव आता. तू कर्ता झालास न्हवं."

"शिकवतो की," सौरव म्हणाला आणि गालातल्या गालात हसला. त्या हसण्यासरशी ती ताटावरून उठली.

यात्रेच्या सकाळी त्यानं नेहमीसारखी तिची वेणी घातली. आज जरा खालीच घातली. नीलमनं मुद्दाम आरशात बघितलंच नाही.

रथापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. काका एकेका घराचं नाव पुकारत होते आणि एकेक फेटा पुढं येऊन दोराला हात लावत होता. नीलम बायकांत उभी होती. आपल्या घराचं नाव पुकारलं जावं म्हणून ती इतकी वर्षं झुरली होती, आणि आज ते पुकारलं जाऊ नये असं तिला वाटत होतं.

"भरमूच्या घरचा कर्ता," काकांनी आप्पांचं नाव घेऊन पुकारलं.

सौरव पुढं आला, तो बोडकाच. फेटा त्याच्या काखेत होता.

"बांधायला येत न्हाय व्हय रं?" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

सौरव दोराकडं गेलाच नाही. तो वळला, बायकांच्या घोळक्यात शिरला आणि थेट नीलमसमोर येऊन उभा राहिला.

"ह्ये काय चालवलंयस?" काकांचा आवाज चढला.

"कर्ता आणा म्हटलासा न्हवं काका?" सौरव म्हणाला. त्याचा आवाज फुटायच्या वयातला. मध्येच चिरकला, पण तो थांबला नाही. "आमच्या घरची कर्ती ही हाय. मी भाकरी करतो."

"दोराला बाईमाणूस चालत न्हाय."

"मग रथात कोण बसलंय रं महादेव?" म्हातारी नागुबाई मागून म्हणाली.

बायका खळखळून हसल्या. काकांनी रथातल्या लक्ष्मीकडं पाहिलं आणि ते दोन पावलं मागं सरले. दोर धरलेल्या गड्यांनी सरकून एकाची जागा केली. आईनं काकांसमोर मान वर केली.

सौरवनं फेट्याचं टोक नीलमच्या हातात दिलं आणि तिच्या कपाळावरून पहिला पेच घेतला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. हुंदक्यानं सगळी मान हलत होती.

"हालू नगो गं आक्का," तो हळूच म्हणाला. "वेणीला जागा सोडून बांधायलोय."