पारीनं वाचलेलं पान

"पारी कुठाय?" भट्टीवर पाऊल ठेवताच वैजूताईंनी विचारलं.

संस्थेतर्फे त्या दर हंगामात वीटभट्टीवरच्या मुलांना वाचायला शिकवायच्या. तेरा वर्षांची पारी गेल्या वर्षी जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. यंदा ती गोष्ट वाचणार, अशी ताईंना खात्री होती.

पारी चिखल तुडवत होती. गळ्यात मंगळसूत्र होतं. ताईंनी पुस्तक पुढे केलं. साडीला हात पुसून तिनं ते घेतलं आणि उभ्याउभ्याच अख्खं पान न अडखळता वाचून दाखवलं.

"घरी रोज वाचायचे," ती म्हणाली. "लगीन होईस्तोवर."

"मग चल की वर्गात!"

"पोरांचा वर्ग ना तो, ताई? मी आता बाई झाले."

झोपडीतून सासूची हाक आली. पानावर चिखलाची बोटं उमटलेली पाहून पारी ओशाळली, पदरानं ती पुसू लागली. डाग आणखीच पसरला. पुस्तक परत देऊन ती चिखलात उतरली.

ताई वर्गात जाऊन हजेरी घेऊ लागल्या. बारा वर्षांची बेबी हात उंच करून ठसक्यात "हजर!" म्हणाली, तेव्हा ताईंना तिच्याकडे बघवेना.